शेडमधून : घसरगुंडीची चकाकी



मागच्या महिन्यात केमिकलच्या टाक्यांबद्दल लिहिलं होतं. तो लेख वाचून आपल्या मंडळातल्या एका अकरावीतल्या मुलीनं विचारलं, "काका, बागेतल्या घसरगुंड्यापण तुमच्यासारख्याच शेडमध्ये होतात ना? मग त्या इतक्या गुळगुळीत कशा होतात? तयार झाल्यावर पॉलिश करता का?"

प्रश्न फार चांगला आहे. कारण उत्तर 'नाही' असं आहे. फायबरची घसरगुंडी तयार झाल्यावर तिला चमकवत बसत नाहीत. ती साच्यातून बाहेर येते तीच चमकत. तिची चकाकी आधीच, दोन पायऱ्या मागे, अशा एका वस्तूवर चढवलेली असते जी बागेत खेळणारं एकही पोर कधी बघत नाही. त्या वस्तूला आम्ही पॅटर्न म्हणतो. आज त्या पॅटर्नवरच्या शेवटच्या थराबद्दल, म्हणजे हाय-ग्लॉस पॉलिएस्टर टॉपकोटबद्दल सांगतो. आणि त्याच्याच पोटात गेल्या जूनमध्ये आमच्या शेडमध्ये काय घडलं, तेही.

मोदकाचा साचा आठवा

घरी मोदकाचा साचा असतो. मोदकाच्या कळ्या किती रेखीव येणार हे उकडीवर नाही, साच्यावर ठरतं. साच्याला एक चरा पडला, तर त्या दिवशीच्या एकवीसच्या एकवीस मोदकांवर तो उमटतो. फायबरचंही तसंच. फरक इतकाच, की आमचा साचा आम्हाला आधी बनवावा लागतो, आणि तो बनवण्यासाठी त्याच्याही आधी एक वस्तू लागते.

क्रम असा. पहिल्यांदा हुबेहूब घसरगुंडीसारखी दिसणारी एक घसरगुंडी लाकडाची आणि एमडीएफची बनवायची. हा पॅटर्न. त्यावर मेण लावून, वर जेलकोट आणि फायबरचे थर चढवून त्याचा उलटा छाप घ्यायचा. हा साचा, म्हणजे मोल्ड. मग त्या साच्यात एकामागून एक नग काढत राहायचे. पॅटर्नची चकाकी साच्यात जाते, साच्याची नगात. पॅटर्नवर राहिलेला एक ओरखडा पहिल्या नगावरही दिसतो आणि शंभराव्यावरही.

आम्हा बडोदेकरांना ही विद्या नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केलं, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं, ते हातानं काम करणारी माणसं शिकून तयार व्हावीत म्हणूनच. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पुढे आपल्या भोवती रिफायनरी आली, खतं आली, पेट्रोकेमिकल्स आलं. आम्लाला लोखंड टिकत नाही, म्हणून फायबरच्या टाक्या आणि पाइप लागायला लागले आणि मकरपुऱ्यात माझ्यासारख्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. टाक्या हे आमचं रोजचं जेवण. घसरगुंडी हा सणाचा पदार्थ.

थर कसा चढतो

तर, सुतारकाम संपलेला पॅटर्न हाताला गुळगुळीत लागतो, पण तो तसा नसतो. लाकडाला रंध्रं असतात, एमडीएफची कड पाणी पितं तसं रेझिन पिते. म्हणून आधी ते सगळं बंद करायचं. खड्डे लांबीनं भरायचे. तीही पॉलिएस्टरचीच लांबी. मग पॉलिएस्टरचा सरफेसिंग प्रायमर जाड मारायचा. तो सुकला की घासायचा: २२०, ३२०, ४०० नंबरचा पेपर, आणि पेपराखाली नेहमी लाकडी गुटका. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी चर पडतात. डोळ्यांना आज दिसत नाहीत, पण चकाकी आली की लगेच दिसतात.

प्रायमर मॅट असतो, त्यामुळे खरी परिस्थिती लपते. म्हणून आम्ही त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतो आणि पुन्हा घासतो. उंच जागचा काळा निघून जातो, खोल जागी राहतो. जिथे काळं राहिलं तिथे अजून काम बाकी आहे. यात वाद घालायला जागाच नाही, म्हणून मला ही युक्ती फार आवडते.

यानंतर टॉपकोट. हे पॉलिएस्टर रेझिनच असतं, पण फवाऱ्यानं सपाट पसरेल, हवेत पूर्ण सुकेल आणि बफ केल्यावर काचेसारखं चमकेल असं बनवलेलं. 'हवेत सुकेल' हे का महत्त्वाचं, ते सांगतो. साधं पॉलिएस्टर रेझिन किंवा जेलकोट उघड्या हवेत ठेवलं, तर आतून कडक होतं पण वरून चिकटच राहतं. हवेतला ऑक्सिजन वरच्या थरातली साखळी जुळू देत नाही. त्यावर जुना उपाय म्हणजे रेझिनमध्ये स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण थोडंसं टाकायचं. थर गोठताना मेण वर तरंगून येतं आणि दुधावरच्या सायीसारखं हवा अडवतं. पण मेण टाकलेल्या थरावर दुसरा थर न घासता मारला, तर तो धरत नाही, सोलून निघतो. तयार मिळणाऱ्या टॉपकोटमध्ये हवेत सुकण्याची सोय बनवणाऱ्यानंच केलेली असते. सोबतच्या कागदावर प्रमाण आणि वेळ दिलेली असते. तो कागद वाचणं हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

टॉपकोटमध्ये हार्डनर घालायचा. आमचा हार्डनर म्हणजे एमईकेपी, मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. पाण्यासारखा पातळ, दिसायला निरुपद्रवी. साधारण दीड-दोन टक्के. एक किलोला वीस ग्रॅम, अर्ध्या किलोला दहा. एक टक्क्याच्या खाली गेलात तर थर वरून कडक भासतो, पण आतून कधीच पूर्ण पिकत नाही. महिनाभर वाट पाहिली तरी नाही. फार जास्त घातला तरी बिघडतं. आणि एकदा घातला की घड्याळ सुरू. पंधरा-वीस मिनिटांत भांड्यातला माल संपवायचा आणि गन लगेच ॲसिटोननं धुवायची. नाहीतर गनच्या आतच दगड होतो.

फवारणीच्या आधी कॉम्प्रेसरमधलं पाणी काढायचं. पाण्याचा किंवा तेलाचा एक थेंब लाइनमधून आला, की त्या जागी माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो. पहिला हात धुक्यासारखा विरळ. थोडं थांबून दुसरा आडवा, तिसरा उभा. एकाच वेळी जाड मारलं तर उभ्या बाजूवर ओघळ येतात. ओला थर किती जाड झाला ते बघायला कंगव्यासारखी एक पट्टी मिळते, ती टेकवून बघायची. आमचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो.

थर पूर्ण पिकला की पुन्हा पेपर. आता वॉटर पेपर, पाण्यासोबत: ६००, ८००, १०००, १२००, १५००. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते गेले की नाही ते कळतं. मग लोकरीच्या पॅडवर कंपाउंड लावून बफ. शेवटी शेडमधली एक ट्यूबलाइट लावायची आणि तिचं प्रतिबिंब पॅटर्नवर बघायचं. नळी सरळ दिसली तर पृष्ठभाग सरळ. नळी सापासारखी वळली तर चकाकी कितीही असो, खाली लाट आहे, आणि ती साच्यात जाणार.

माझा पहिला पॅटर्न

हे सगळं मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. १९९४ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या पैशातले चाळीस हजार त्यांनी मला शेडसाठी दिले होते. देताना काही बोलले नाहीत, फक्त नोटा दोनदा मोजल्या.

पहिलं मोठं काम आलं. मी पॅटर्न केला, आणि चकाकी हवी म्हणून त्यावर गाड्यांना मारतात तो लॅकर रंग मारला. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून, स्वस्तात. काय दिसत होता! आईला स्कूटरवरून शेडमध्ये आणून दाखवला. मग मेण लावलं आणि साच्यासाठी जेलकोट मारला. जेलकोटमध्ये स्टायरीन असतं. तासाभरात मला खालचा रंग सुरकुतल्याचं दिसलं, पण आता काय करणार? तसाच फायबर चढवला. चार दिवसांनी साचा सुटेना. पाचरी ठोकल्या, पाणी सोडलं, शेवटी पहारीनं उचकटला. पॅटर्नही गेला, साचाही गेला, कामही गेलं.

कारण साधं आहे. लॅकर रंग नुसता वाळतो. थिनर उडून जातो आणि रंग मागे राहतो, पण पुन्हा तसला द्रव भेटला की तो पुन्हा मऊ होतो, पाण्यात गूळ विरघळावा तसा. पॉलिएस्टर टॉपकोट वाळत नाही, तो पिकतो. त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि नंतर स्टायरीन वरून आलं तरी सुटत नाहीत. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसं. पण अट एकच: भाकरी आतपर्यंत भाजलेली हवी.

वडिलांना मी सांगितलं की गिऱ्हाइकानं काम रद्द केलं. खरं कारण त्यांना कधीच सांगितलं नाही. ते २००९ मध्ये गेले.

जूनमधली गोष्ट

आता भाच्याबद्दल. माझ्या ताईचा मुलगा यंदा मेकॅनिकल इंजिनीअर झाला. पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र हातात आहे, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं. मधले दोन महिने तो रोज माझ्या शेडमध्ये यायला लागला. आधी मला वाटलं, वेळ घालवायला येतो. मग एक दिवस चहा पिताना म्हणाला, "मामा, मी पुण्याला नाही गेलो तर?"

ताईला हे कळलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि फक्त मिस्त्रींचं नाव घेतलं.

मिस्त्री म्हणजे आमचे जुने कारागीर. पंचवीस वर्षांहून जास्त माझ्यासोबत आहेत. २००३ मध्ये हार्डनर ओतताना एक थेंब उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. एमईकेपी डोळ्यात गेला तर त्याच क्षणी पाण्याखाली डोळा धरायचा आणि निदान पंधरा मिनिटं सतत धुवायचा, मगच दवाखान्याकडे धावायचं. आम्ही प्यायच्या माठातले दोन तांबे मारले आणि रिक्षा शोधली. त्या डोळ्यानं आता त्यांना उजेड-अंधार कळतो, चेहरा कळत नाही. गॉगल शेडमध्ये होते. हरवू नयेत म्हणून मी ते कपाटात कुलूप लावून ठेवले होते.

हे ताईला माहीत आहे. म्हणून ती जास्त बोलली नाही, आणि मीही भाच्याला 'ये' म्हणालो नाही की 'जा' म्हणालो नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात घसरगुंडीच्या पॅटर्नवर टॉपकोट मारायचा होता. बागांची खेळणी बसवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम, साचा पुढच्या गुरुवारपर्यंत पूर्ण करून द्यायचा कबूल केलेला. मिस्त्री गावी लग्नाला गेले होते. सकाळी मी आणि भाच्यानं मिळून वरचे दोन भाग मारले. मग मला बँकेत जावं लागलं. खालचा वळणाचा भाग राहिला होता, जिथे पोर घसरत येऊन थांबतं तो. अर्ध्या किलोचा एकच डबा. भाचा म्हणाला, "मी मारतो, मामा." हात त्याचा चांगला आहे. मी गेलो.

परत आलो तेव्हा सगळा पॅटर्न ओला चमकत होता. एकही ओघळ नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला नाही, पण माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

रात्री अकराला फोन.

"मामा, झोपलात?"

"बोल."

"शेवटच्या डब्यात हार्डनर मी मोजून नाही घातला. काट्याचा सेल संपला होता. आकडा दिसतच नव्हता. मी झाकणानं अंदाजे घातला."

"किती?"

"माहीत नाही. कमी असेल. जास्त पडला तर गन अडकेल, या भीतीनं मी हात आखडता घेतला."

मी म्हटलं, सकाळी बघू. फोन ठेवला आणि सकाळपर्यंत जागा होतो.

सकाळी कापसावर ॲसिटोन घेऊन वरच्या भागावर घासला. काही नाही, कापूस पांढरा. खालच्या वळणावर घासला. कापसावर रंग आला आणि बोट चिकटलं. नख दाबलं तर खूण उमटली.

आता खरं सांगतो. माझ्या मनात काय आलं? हॅलोजनचे दोन दिवे लावू. उष्णतेनं थोडा कडक होईल. वरून मेणाचे सहाच्या ऐवजी आठ हात देऊ. साचा बहुतेक सुटेल. गुरुवार गाठता येईल. इतक्या वर्षांनीसुद्धा मनात पहिल्यांदा हेच आलं.

त्याच दिवशी मिस्त्री गावाहून परतले. त्यांनी चांगल्या डोळ्यानं वळण पाहिलं, अंगठा फिरवला, दिव्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नहि चाले." बडोद्यात राहणाऱ्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. दिव्यानं हार्डनर वाढत नाही. जो घातलाच नाही तो कुठून येणार? साच्याचा जेलकोट वर आला की त्याचं स्टायरीन त्या मऊ थरात शिरणार, सुरकुत्या पडणार आणि १९९४ पुन्हा होणार.

आम्ही तिघांनी मिळून ते वळण खरवडलं. पत्र्याच्या पट्टीनं काढलं, ॲसिटोननं पुसलं, खाली प्रायमर कडक लागेपर्यंत घासलं, चांगल्या थराची कड हळूहळू पातळ करत आणली, म्हणजे जोड दिसू नये. नवे सेल आणले. भाच्यानं दहा ग्रॅम मोजले, मिस्त्रींनी काटा बघितला, मी बघितला. पुन्हा मारलं. पुन्हा थांबलो. पुन्हा पेपर, पुन्हा बफ, पुन्हा ट्यूबलाइट. चार दिवस गेले. गिऱ्हाइकाला मी फोन करून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते रागावले, बिलातले थोडे पैसे कापले, आणि पुढच्या घसरगुंडीचं कामही आम्हालाच दिलं.

मग मेणाचे सहा हात, प्रत्येक हातानंतर पुसून आणि थांबून. वर पीव्हीएची पातळ फिल्म. साच्याला आम्ही केशरी जेलकोट वापरतो, म्हणजे पुढे साच्यावर ओरखडा आला तर तो दिसतो आणि नगाचा रंग नीट चढला की नाही तेही कळतं. मग पहिला पातळ मॅटचा थर आणि रात्रभर विश्रांती. घाई करून सगळे थर एकाच दिवशी चढवले, तर आत उष्णता वाढते, रेझिन आकसतं आणि मॅटच्या धाग्यांची नक्षी चकाकीतून वर डोकावते. थर पूर्ण झाल्यावर पाठीमागे आधाराची चौकट बसवली आणि आठवडाभर साचा पॅटर्नवरच राहू दिला.

सोडवायच्या दिवशी कडेला लाकडी पाचर घातली, हलका ठोका दिला. 'टक्' असा आवाज झाला आणि साचा अलगद उचलला गेला. भाच्यानं खालच्या वळणात वाकून पाहिलं. त्याचं तोंड उलटं दिसत होतं, पण स्पष्ट.

ताई काय म्हणाली

रविवारी ताईकडे जेवायला गेलो. मी तिला सगळं सांगितलं: तुझ्या लेकानं चूक केली, आणि रात्री अकराला स्वतः फोन करून सांगितली. त्यानं सांगितलं नसतं तर मला पॅटर्न आणि साचा दोन्ही गमवावे लागले असते. मला वाटलं, तिला अभिमान वाटेल.

तिनं आमटी वाढली आणि विचारलं, "पण तुझ्याकडे काट्याचा जास्तीचा सेल का नव्हता? एकट्या पोराला ठेवून गेलास, तर निदान काटा तरी चालू हवा ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॉगल कुलपात होते, तेव्हाही नव्हतं. पोरानं अंदाजे ओतलं, ही त्याची चूक. पण अंदाजे ओतण्यावाचून त्याला दुसरा मार्ग मी ठेवला नव्हता, आणि 'आज मारू नकोस, उद्या मार' असं मला फोन करून विचारावं, इतकी मोकळीक त्याला वाटली नव्हती. गुरुवारचा धाक मीच तर घातला होता.

त्या आठवड्यात शेडमध्ये तीन गोष्टी झाल्या. दोन काटे आणि सेलचं एक पाकीट. दारालाच खुंटीवर चार गॉगल, कुलूप नाही. आणि हार्डनरच्या टेबलाशेजारी नळ, ज्याला आखूड पाइप लावला आहे, फक्त डोळे धुण्यासाठी. नळाला पाचशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. मिस्त्रींनी तो दोनदा उघडून-बंद करून पाहिला, आणि कामाला लागले.

घरी हौसेनं करणाऱ्यांसाठी

तुमच्यातले बरेच जण आता गणपतीच्या सजावटीसाठी, स्केटबोर्डसाठी, गिटारसाठी रेझिन आणतात, हे मला माहीत आहे. म्हणून एवढं लक्षात ठेवा.

इपॉक्सी आणि पॉलिएस्टर वेगळे. इपॉक्सीत दोन भाग ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे असतात. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर अगदी थोडा. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. पॉलिएस्टर थर्मोकोलवर लावू नका. स्टायरीन थर्मोकोल विरघळवून टाकतं. मखराच्या जागी खड्डा उरेल.

कोबाल्ट म्हणजे ॲक्सिलरेटर, आणि एमईकेपी म्हणजे हार्डनर. हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन विकत घ्या.

गॉगल डबा उघडण्याआधी घाला, नंतर नाही. कापडी मास्क स्टायरीनचा वास अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क लागतो, आणि मोकळी हवा. उरलेलं हार्डनर घातलेलं रेझिन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते भांड्यात तापतं, धूर येतो. उघड्यावर ठेवा, थंड होऊ द्या, मग टाका.

आणि मोजमाप चुकलं असं वाटलं, तर त्याच दिवशी सांगा. ओला थर पुसून काढता येतो. पिकला नाही पण सुकल्यासारखा दिसतो, तो थर खरवडावा लागतो. त्यावर साचा चढला की मग काहीच करता येत नाही.

भाच्याचं काय झालं, असं विचाराल. पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. ताई काही बोलत नाही. पण परवा तो शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या गळ्यात नवा गॉगल होता, चांगला, कडेनं बंद असलेला, मी ठेवलेल्यांपेक्षा महाग. मी विचारलं, कुठून आणलास? म्हणाला, "आईनं आणून दिला."

पुढच्या महिन्यात साच्याची देखभाल. एका साच्यातून किती नग निघतात आणि तो म्हातारा झाला हे कसं ओळखायचं, ते सांगीन. प्रश्न असतील तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर पाठवा.

तुमचा,
शेडवाला काका